सीपी असलेल्या लेकरासाठी रोबोट थेरपी: गावातून निघण्याआधी, केंद्रात असताना आणि घरी परतल्यावर

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सीपी, असलेल्या मुलाच्या आईबापाच्या मोबाईलवर हल्ली एक व्हिडिओ हमखास येतो. मूल पट्ट्यांनी वर अडकवलेलं आहे, पायांना यंत्र बांधलेलं आहे, खाली पट्टा सरकतोय आणि मूल पावलं टाकतंय. ज्यांनी आपल्या लेकराला सहा-सात वर्षं कडेवर घेऊनच फिरवलं, त्यांना ते पाहून काय वाटतं हे सांगायला नको. लगेच प्रश्न येतो: आपण हे करायचं का, आणि त्यासाठी वावर गहाण टाकायचं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. रोबोटचा काही मुलांना चांगला उपयोग होतो, पण कर्ज काढून करावा असा हा उपचार नाही. का, ते पुढे येईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्येक लेकरासाठी वेगळं असतं. ते तुम्हाला स्वतः शोधता यावं म्हणून हा लेख.

यंत्र नेमकं काय करतं

सीपीमध्ये बिघाड मेंदूच्या त्या भागात असतो जो स्नायूंना हुकूम देतो. तो जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेला असतो. मूल फार लवकर जन्मलं, बाळंतपणात त्याला प्राणवायू कमी पडला, कावीळ फार वाढली, मेंदूत जंतुसंसर्ग झाला अशी कारणं असतात. रोबोट मेंदूतला तो बिघाड दुरुस्त करत नाही. तो पुनरावृत्ती देतो. मेंदू कोणतीही हालचाल शिकतो ती शेकडो वेळा करून. थेरपिस्टने दोन्ही हातांनी पाय धरून चालवलं तर थोड्याच पावलांत दोघंही थकतात. यंत्रावर अर्ध्या तासात हजारभर पावलं सहज होतात, आणि प्रत्येक पाऊल सारख्या पद्धतीने पडतं.

चालण्याच्या यंत्रांमध्ये जुनं आणि सर्वांत माहितीतलं नाव लोकोमॅट. स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये ते विकसित झालं. त्यात कंबर आणि गुडघ्याला मोटर असलेला सांगाडा पायाला बाहेरून बांधतात आणि शरीराचा थोडा भार वरच्या वर उचलून धरतात. भारतातही यंत्रं तयार होऊ लागली आहेत. केरळच्या जेनरोबोटिक्सचं जी-गेटर हे त्यातलं चालण्याचं यंत्र.

आता महत्त्वाची गोष्ट. आजवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की तेवढाच वेळ आणि तेवढीच मेहनत थेरपिस्टने साध्या पद्धतीने करून घेतली, तर रोबोट स्पष्टपणे वरचढ ठरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०२० साली सीपीच्या उपचारांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ज्यांना हिरवा कंदील मिळाला त्या गोष्टी साध्या आहेत: जे काम मुलाला करायचंय त्याच कामाचा सराव, तो मुलाने स्वतः करणं, आणि घरी रोज चालणारा कार्यक्रम. म्हणून मी रोबोटकडे भाड्याने आणलेल्या ट्रॅक्टरसारखं बघते. दोन दिवसांत नांगरट झटक्यात होते, पण पेरणी, निंदण, राखण वर्षभर आपल्यालाच करावी लागते.

पहिली पायरी: लेकरू कोणत्या पातळीवर आहे ते विचारून घ्या

सीपीच्या मुलांच्या हालचालीच्या पाच पातळ्या जगभर मानल्या जातात. ही पद्धत १९९७ साली कॅनडात तयार झाली. इंग्रजी अक्षरांत तिला जीएमएफसीएस म्हणतात आणि रिपोर्टवर तसंच लिहिलेलं असतं. पहिल्या पातळीचं मूल चालतं, आधाराविना जिना चढतं. दुसऱ्या पातळीचं चालतं, पण जिन्याला कठडा लागतो आणि खडबडीत रस्त्यावर अडखळतं. तिसऱ्या पातळीच्या मुलाला चालायला वॉकर किंवा काठ्या लागतात. चौथ्या पातळीचं मूल आधाराने बसतं, थोडं उभं राहतं, पण फिरायला त्याला बहुतेक वेळा व्हीलचेअरच लागते. पाचव्या पातळीच्या मुलाला मान आणि धड सांभाळणंही अवघड जातं.

चालण्याच्या रोबोटचा फायदा मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीवर दिसतो, चौथ्या पातळीवरच्या काही मुलांनाही होतो. पाचव्या पातळीच्या मुलाला "रोबोटने चालवून दाखवू" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठून या. त्या मुलासाठी नीट बसता येणारी खुर्ची, गिळण्याची काळजी आणि खुब्याची राखण यांवर घातलेला पैसा शंभरपटीने कामी येतो.

पातळी कोण सांगेल? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडून त्यांची तारीख घ्या. ते मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या लवकर निदान व उपचार केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे पाठवतात. तिथली तपासणी १८ वर्षांपर्यंत मोफत आहे. पथकाची वाट पाहायची नसेल तर थेट तिथे गेलात तरी चालतं.

वयाचं एक सांगून ठेवते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की सीपी असलेली मुलं त्यांच्या हालचालीच्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के टप्पा पाच वर्षांच्या आत गाठतात. दोन वर्षांच्या लेकराला "मोठा झाल्यावर रोबोटला नेऊ" म्हणून घरी ठेवणं हे फार मोठं नुकसान आहे. चालण्याचा रोबोट साधारण चार वर्षांनंतरच बसतो, कारण लहान मुलांच्या सांगाड्यालाही मांडीचं हाड निदान २१ सेंटिमीटर लांब लागतं. तोवरची वर्षं साध्या थेरपीची आहेत आणि तीच सर्वांत मोलाची आहेत.

दुसरी पायरी: खुबा, झटके, वजन आणि सिकलसेल

ही पायरी गाळून थेट यंत्राकडे जाऊ नका.

खुब्याचा एक्स-रे आधी. सीपीमध्ये मांड्यांचे स्नायू ताठ असतात, मूल वेळेवर उभं राहत नाही, आणि मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू खोबणीतून बाहेर सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. पातळीचा आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. पाचव्या पातळीवर तर दहापैकी नऊ मुलांचा खुबा सरकू शकतो. डायपर बदलताना किंवा धुताना मांड्या फाकत नसतील, एक पाय आखूड दिसत असेल, तर एक्स-रे आजच काढा. तसं काही दिसत नसलं तरी दोन वर्षांच्या सुमारास एकदा काढाच. निखळत चाललेल्या खुब्यावर यंत्राने हजार पावलं टाकायला लावणं धोक्याचं आहे.

गुडघे किंवा कंबर सरळ होतच नसेल, म्हणजे तिथे कायमचा आकस आला असेल, तर सांगाडा बसत नाही. आधी प्लास्टर, बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांबद्दल अस्थिरोगतज्ज्ञ ठरवतील. बोटॉक्सनंतर स्नायू सैल असतात त्या काळात रोबोटची फेरी, म्हणजे काही आठवड्यांची सलग सत्रं, लावली तर दोन्हींचा उपयोग होतो, म्हणून दोघा डॉक्टरांना एकमेकांची तारीख कळू द्या.

झटके येत असतील, ज्याला आपल्याकडे मिरगी किंवा आकडी म्हणतात, तर ते आधी आटोक्यात यायला हवेत. झटक्यांच्या काही औषधांनी वर्षानुवर्षं हाडं कमकुवत होतात. त्यात मूल उन्हात गेलेलं नसतं, कधी उभं राहिलेलं नसतं. अशा मुलाचं हाड साध्या ओढण्यानेही मोडतं. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन किंवा व्हॅल्प्रोएट बराच काळ चालू असेल तर व्हिटॅमिन डी आणि हाडांबद्दल डॉक्टरांना विचाराच.

वजनाचं तसंच. जेवण भरवायला तास लागत असेल, ठसका लागत असेल, वारंवार छातीत कफ होत असेल, तर लेकराला लागेल तेवढं अन्न पोटात जात नाही. उपाशी स्नायूंकडून रोज अर्धा तास मेहनत करून घेतली तर वजन आणखी घटतं. आधी मान सरळ ठेवून, बसवून, घट्टसर वरणभात भरवायची पद्धत थेरपिस्टकडून शिकून घ्या. तीन महिने वजन वाढू द्या. रोबोट थांबू शकतो.

आणि खास आपल्या विदर्भासाठी: सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, अमरावतीच्या पट्ट्यात तो बराच आहे. सिकलसेलमुळे लहान वयात पक्षाघात होऊन अर्ध्या अंगाची ताकद जाते, आणि ते सीपीसारखंच दिसतं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो भागही खराब होतो. अशा मुलाला पाणी कमी पडलं किंवा अतिश्रम झाले की वेदनेचा झटका येतो. मोठ्या शहरातल्या थेरपिस्टला हे सुचेलच असं नाही. तपासणी झालेली असेल तर कार्ड सोबत न्या, झालेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या, आणि पहिल्याच दिवशी तोंडी सांगा.

तिसरी पायरी: एकच काम ठरवा

"चालायला पाहिजे" हे काम नव्हे. "खाटेवरून उठून दारापर्यंत वॉकरने जाणे", "शाळेच्या दोन पायऱ्या एका हाताने धरून चढणे", "संडासात बसून स्वतः उठणे" ही कामं आहेत. लेकराला विचारा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला काय हवंय ते नीट सांगता येतं, आणि ते बहुतेक वेळा आपल्याला वाटतं त्याहून वेगळं असतं. कुणाला मित्रांसोबत ओट्यावर बसायचं असतं, कुणाला दुकानातून स्वतः गोळी आणायची असते. ठरलेलं काम कागदावर लिहून थेरपिस्टच्या हातात द्या. यंत्रावरची पावलं त्या कामाकडे कशी नेणार, हे त्यांनी सांगायला हवं.

चौथी पायरी: कुठे, कधी आणि कशाच्या बळावर

विदर्भात सुरुवात आपल्या जवळून करा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्ही शिकवतात, त्यामुळे तिथे थेरपिस्ट मोठ्या संख्येने असतात. नागपुरातच केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्र, म्हणजे सीआरसी, आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली रुग्णालयं आहेत, सावंगीला फिजिओथेरपीचं महाविद्यालयही आहे. या ठिकाणी आधी मुलाची पूर्ण तपासणी करून घ्या आणि रोबोटची गरज आहे का हे त्यांच्याच तोंडून ऐका.

ज्या केंद्रात यंत्र आहे असं कळेल, तिथे जाण्याआधी फोन करा. लहान मुलांचा सांगाडा आहे का, की फक्त मोठ्यांचा? यंत्र सध्या चालू आहे का? यंत्रावर मूल असताना थेरपिस्ट पूर्ण वेळ जवळ थांबतात का? एका फेरीत किती सत्रं? एकूण खर्च किती, राहण्याची सोय आहे का? साधारणपणे आठवड्याला तीन ते पाच सत्रं, दर सत्र अर्धा-पाऊण तास, चार ते आठ आठवडे अशी फेरी असते. "आठवड्यातून एकदा या, सहा महिने" अशी बोली असेल तर नको. एवढ्या विरळ सरावाने काही पक्कं होत नाही आणि तुमचं भाडं मात्र जातं.

वेळ शेतीकडे पाहून ठरवा. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापूस वेचणी, मग तूर. कापूसपट्ट्यातल्या घराला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च अखेर हा काळ त्यातल्या त्यात मोकळा असतो, आणि चंद्रपूर-नागपूरचं ऊन अजून ४५ अंशांवर गेलेलं नसतं. गडचिरोलीच्या धानपट्ट्यात धान निघाल्यावर आणि मोहफुलं लागायच्या आधी. पावसाळ्यात नकोच. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि मध्येच तुटलेली फेरी वाया जाते. महिनाभर कोण सोबत राहणार, घरी दुसऱ्या लेकरांना कोण बघणार, मजुरी किती बुडणार, हे सगळं खर्चात धरा.

कागदांचं थोडक्यात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर आधी ते. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सी आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत सीपीच्या मुलाला वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. फेरी ठरवण्याआधी त्यात नाव घाला. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे आणि आईला तर अर्धंच तिकीट लागतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून वॉकर, व्हीलचेअर, सीपी चेअर मिळते, त्याची शिबिरं तालुक्याला होतात.

पाचवी पायरी: केंद्रात काय बघायचं

पहिल्या दिवशी फार चालणं होणार नाही. मांडी-पोटरीची लांबी मोजणं, झोळीसारखा पट्टा बसवणं, पायाचे पट्टे जुळवणं यातच वेळ जातो. लेकरू घाबरतं, रडतं. आदल्या दिवशी दुसऱ्या मुलाला यंत्रावर पाहू द्या. अंगभर सुती, लांब पायांची पँट घाला, नाहीतर पट्टे मांडीला घासतात. तासभर आधी पोटभर खायला देऊ नका, पण पाणी द्या. झटक्यांची गोळी वेळेवरच.

घरी तुम्ही माडिया, गोंडी, कोरकू किंवा बंजारा बोली बोलत असाल तर "दुखतंय", "थांबवा", "पाणी", "भीती वाटते" हे शब्द तुमच्या बोलीत थेरपिस्टला लिहून द्या. ज्या मुलाला बोलता येत नाही, त्याची दुखण्याची खूण सांगा: डोळे मिटणं, हात आवळणं, जे असेल ते. दुखणं किंवा भीती कुठल्याच रीतीने कळवू न शकणाऱ्या मुलाला या यंत्रात घालू नये.

सत्र संपलं की पट्ट्यांच्या जागा बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दुसऱ्या दिवशी बांधायच्या आधी दाखवा.

यापुढचं नीट वाचा, कारण फेरी कामी आली की वाया गेली हे इथेच ठरतं. यंत्र मुलाचे पाय त्याच्या मेहनतीशिवायही हलवू शकतं. मूल समोरच्या स्क्रीनकडे बघत नसेल, पेंगत असेल, अंग सोडून लटकत असेल, तर त्या पावलांचा मेंदूला काही उपयोग नाही. शिकणं होतं ते मूल स्वतः जोर लावतं तेव्हा. म्हणून थेरपिस्टला दर दोन-तीन दिवसांनी दोन गोष्टी विचारा. शरीराचा किती भार यंत्राने उचलला होता? आणि पाय हलवायला यंत्राने किती मदत केली? हे दोन्ही आकडे हळूहळू खाली यायला हवेत. पहिल्या आठवड्यात निम्मा भार यंत्राने उचलला असेल आणि तिसऱ्या आठवड्यातही निम्माच उचलत असेल, तर का, ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. साहेब रागावतील म्हणून गप्प बसू नका. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने खूश होतो.

आणि यंत्रावरून उतरल्यावर लगेच जमिनीवर दहा-पंधरा मिनिटं चालवतात का, तुमच्या कागदावरच्या कामाचा सराव घेतात का, हेही बघा. जिथे मूल थेट यंत्रावरून कडेवर आणि कडेवरून ऑटोत जातं, तिथे अर्धी फेरी वाया जाते. त्या वेळी थेरपिस्टचे हात कुठे असतात, ते मूल उठताना कुठे आधार देतात, हे मोबाईलवर चित्रित करून घ्या. घरी तेच लागणार आहे.

एकाच बाजूचा हात-पाय अडलेल्या मुलांसाठी हाताचे रोबोटही असतात. पण त्या मुलांबाबत माझं मत ठाम आहे: आधी दोन हातांची घरची कामं. तुरीच्या शेंगा सोलणं, भुईमूग फोडणं, बोंडातून कापूस काढणं. हे रोज अर्धा तास, खेळ म्हणून. चांगला हात काही तास बांधून कमजोर हाताकडून काम करून घ्यायची पद्धतही चांगली सिद्ध झालेली आहे, पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखालीच.

सहावी पायरी: घरी परतल्यावरचे पहिले तीन महिने

निघण्याच्या आदल्या दिवशी थेरपिस्टकडून तीन-चारच व्यायाम लिहून घ्या. पंधरा व्यायामांचा कागद भिंतीवरच राहतो.

अंगणात बांबूचे दोन समांतर दांडे गाडा. उंची अशी की लेकराने धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहील, आणि दोन्हींमधलं अंतर त्याच्या कमरेपेक्षा थोडंच जास्त. गाठी तासून घ्या. जमीन चोपून सपाट करा, ओली किंवा घसरडी राहू देऊ नका. पायात एएफओ, म्हणजे घोट्याची स्प्लिंट, दिली असेल तर ती घालूनच चालवा. ती छोटी झाली, बोटं पुढे आली, की नवीन मागा. वाढत्या मुलाला ती वर्षभरही पुरत नाही.

उठबस हा सर्वांत कामाचा व्यायाम. पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा बाकड्यावर बसवा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, आणि पुढे वाकून उठायला लावा. सकाळी तोंड धुताना, दुपारी जेवताना, संध्याकाळी, दर वेळी दहा. हात धरून वर ओढू नका, कमरेला आधार द्या. सोपं झालं की बाकडं एक वीत खाली करा.

जे मूल उभं राहू शकत नाही, त्याच्यासाठी गावातल्या सुताराकडून उभं राहायची चौकट करून घेता येते. मापं आणि पट्ट्यांची जागा थेरपिस्टकडून लिहून आणा. टाच खाली टेकलेली, गुडघे सरळ, पाय थोडे फाकलेले. दिवसभरात तुकड्या-तुकड्यांनी मिळून तासभर उभं राहिलं की खुब्याला आणि हाडांना फायदा होतो. लहान बाळ असेल तर कडेवर पाय फाकवून घ्या, आपल्याकडच्या बाया पूर्वीपासून घेतात तसंच. मांड्यांची कैची होत नाही.

व्यायाम एकट्या आईवर टाकू नका. आजोबांनी दुपारची उठबस घ्यावी, मोठ्या बहिणीने शेंगा सोलायला सोबत बसावं. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांना तो कागद दाखवा. शाळेतही त्यातला एक व्यायाम होऊ शकतो.

मोजत राहा

फेरीच्या आधी, फेरी संपताना आणि तीन महिन्यांनी, तीनही वेळा एकाच जागेवर, त्याच चपला-स्प्लिंट घालून, बाजूने मोबाईलवर व्हिडिओ काढा. अंगणात चुन्याने १० मीटर आखा आणि चालायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. न थांबता किती उठबशी होतात तेही लिहा. थेरपिस्ट त्यांच्या पद्धतीने जीएमएफएमचे, म्हणजे हालचालीची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचे, गुण देतील, त्याची प्रत मागून घ्या. फेरी संपताना आकडा सुधारला पण तीन महिन्यांनी पुन्हा खाली आला, तर घरचा कार्यक्रम कुठे अडला ते शोधा. दुसऱ्या फेरीचे पैसे भरायची घाई नको. तीन महिन्यांनीही टिकला असेल आणि पुढचं काम ठरलं असेल, तर दुसरी फेरी विचारात घ्या.

कधी कधी रोबोटच्या केंद्रातच किंवा त्याच्या आसपास स्टेम सेलचं "पॅकेज" सांगितलं जातं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सीपीसाठी स्टेम सेल उपचार म्हणून पैसे घेऊन देता येत नाही. तो फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच चालतो, आणि संशोधनात सामील झालेल्याकडून पैसे घेत नाहीत. कितीही व्हिडिओ दाखवले तरी सही करू नका.

उंची झपाट्याने वाढते त्या वर्षांत, साधारण दहा ते पंधराच्या दरम्यान, हाडं स्नायूंच्या पुढे जातात आणि चालणारं मूलही वाकून चालायला लागतं. तेव्हा आईबाप घाबरून पुन्हा रोबोटच्या मागे लागतात. त्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, नवीन स्प्लिंटचं माप द्या, खुब्याचा एक्स-रे पुन्हा काढा. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीच्या मुलांचा एक्स-रे सहा महिने ते वर्षभराने होत राहायला हवा. पुढची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि आशाताईंच्या वहीतही टिपून ठेवायला सांगा.